कुणाच्या कानात बस, कुणाच्या कानात बस्सू

सोलापूरच्या एसटी स्टँडवर पाच मिनिटं नुसतं ऐकत उभं राहिलं तरी लक्षात येतं की एकाच गाडीची नावं सगळ्यांची वेगवेगळ्या ठिकाणी संपतात. कुणी म्हणतंय बस आली, कुणी म्हणतंय बस्सू आली बघ, विजापूर वेशीकडचं एखादं पोरगं ओरडतंय बस आगई, आणि अक्कलकोटचं कुटुंब असेल तर बस्सू बंतु म्हणून पिशव्या उचलायला सुरुवात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडं कन्नड, गावाच्या पूर्व भागात तेलंगणातून येऊन इथलेच झालेले पद्मशाली विणकर आणि त्यांची तेलुगू, शिवाय दखनी म्हणजे इकडची उर्दू, आणि ह्या सगळ्यांच्या मधून वाट काढणारी आमची बे-बे करणारी मराठी. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना यातलं एकच लक्षात राहतं, ते म्हणजे बस्सू. मग पुण्याला गेलं की जेवायच्या पंगतीत त्याची नक्कल ठरलेली.

या नकलेत गृहीत असं धरलेलं असतं की चूक जिभेची आहे, म्हणजे त्या माणसाला बस म्हणजे बस हे नीट कळलंय पण बिचाऱ्याची जीभ वळत नाही. मला हे बरीच वर्षं खटकत आलंय. जीभ नंतर येते हो, आधी कान येतो. आणि कान हा काय रेकॉर्डर नाही की जे वाजलं ते जसंच्या तसं आत घेतलं, तो आपल्या घरात लहानपणी जी भाषा चालायची तिच्या हिशोबानं ऐकतो, आणि सगळ्यात जास्त हिशोब तो शब्दाच्या शेवटी करतो.

आमच्या शेजारी एक तेलुगू अव्वा, म्हणजे आजी, राहायची. दुपारभर मांडीवर सूप घेऊन उंबऱ्याला टेकून विड्या वळायची. तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमटीनं तंबाखू भरायची, वळायचं, तोंड नखानं आत दाबायचं, दोरा गुंडाळायचा, आणि हे सगळं चालू असताना नजर माझ्याकडं आणि तोंडानं बोलणं अखंड. मी तेव्हा शाळेत जाणारी, अतिशहाणी. तिला म्हणायचे,

"अव्वा, बस्सू नाही गं. बस."

"तेच की म्हटले मी. बस्सू."

"अगं बस. बस्. स् वर थांबायचं."

"हां की. बस्सू. तू बी तेच म्हणालीस की आत्ता."

ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे. तू बी तेच म्हणालीस. तिच्या कानाला मी पण बस्सूच म्हणत होते! मला वाटायचं म्हातारी माझी फिरकी घेतीय. ती फिरकी घेणाऱ्यातली होतीच, नाही असं नाही, पण या बाबतीत ती शंभर टक्के खरं बोलत होती असं मला आता वाटतं.

कारण अशीच गोष्ट जपानी लोकांच्या बाबतीत प्रयोगात सापडलेली आहे. 1999 मध्ये इमॅन्युएल डुपू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जपानी आणि फ्रेंच माणसांना असले बिनअर्थाचे शब्द ऐकवले, एबुझो आणि एब्झो. मग एबुझो मधला उ थोडा थोडा कापत नेला, इतका की शेवटी तिथं उ उरलाच नाही. फ्रेंच माणसं म्हणाली उ गेला. जपानी माणसं मात्र उ पूर्ण काढून टाकल्यावर पण बहुतेकदा म्हणत होती, आहे की उ. जपानीत न् सारखे एकदोन प्रकार सोडले तर व्यंजन असं एकटं उभं राहत नाही, त्याला स्वर लागतो, म्हणून कानानं स्वतःच तो पुरवला. ही माणसं खोटं बोलत नव्हती आणि बहिरी पण नव्हती. पुढं अशाच प्रयोगांत ब्राझीलच्या पोर्तुगीज बोलणाऱ्यांना त्याच रिकाम्या जागी उ नाही तर इ ऐकू आला, म्हणजे काय ऐकू येणार हे पण घरच्या भाषेनंच ठरवलेलं.

आता तेलुगू आणि कन्नड घ्या. तेलुगूत शब्द बहुतेक करून स्वरावर संपतो, आणि बोलण्यातल्या कन्नडची पण तीच गत. बाहेरून शब्द आला आणि तो व्यंजनावर संपत असला की शेवटी उ लावून त्याला घरात घ्यायचं. बस्सू, कारू, पेन्नू, कप्पू, रोड्डू. हे सवयीनं होतं, अडाणीपणानं नाही, आणि तेलुगूत पीएचडी केलेला माणूस पण घरी बस्सूच म्हणतो. माझा अंदाज असा की अव्वाच्या कानाला बस असा स् वर तुटलेला शब्द म्हणजे पायरी नसलेला उंबरा, पाय तिथं आपोआप पायरी शोधणारच.

पण डुपूच्या त्याच प्रयोगाचा दुसरा भाग लोक सहसा सांगत नाहीत आणि मला तोच जास्त आवडतो. एबुझो आणि एबूऽझो, म्हणजे उ आखूड आणि उ लांब, यातला फरक जपानी लोकांना सहज कळला आणि फ्रेंच लोकांची मात्र दांडी गुल. जपानीत स्वर लांब केला की शब्द बदलतो, फ्रेंचमध्ये बदलत नाही, म्हणून फ्रेंच कान तिकडं लक्षच देत नाही. म्हणजे जो आत्ता दुसऱ्याला हसत होता तो पुढच्या प्रश्नाला नापास.

आमच्याकडं याचा जोड म्हणजे झाड आणि झाडं. वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ होते, रेल्वेत, मूळचे कानपूरकडचे, सोलापूर डिव्हिजनला बदली होऊन आले आणि इथंच रिटायर झाले. मराठी इतकी चांगली की पेपर वाचून अग्रलेखावर वाद घालायचे. पण झाड, झाडं, घर, घरं, बोट, बोटं इथं आले की गाडी सायडिंगला. म्हणायचे, "अहो, तुम्ही म्हणता शेवटी अनुस्वार आहे, पण नाकात तर काहीच येत नाही, मग मी ऐकू काय?" त्यांचं बरोबरच होतं. तो टिंब नाकातला नाहीच. झाडे, घरे ही लिहिण्यातली रूपं, बोलताना आपण झाडं, घरं म्हणतो आणि शेवटचा अ नीट ताणून म्हणतो, ते दाखवायला तो टिंब वापरायचा असं मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांत ठरलेलं, 1962 पासूनचं. हिंदीत शब्दाच्या शेवटचा अ बोलण्यात गळूनच गेलेला असतो, त्यामुळं तिथं अ असण्यानसण्यावर काही अर्थ अवलंबून असेल हे हिंदी कानाच्या गावीच नाही. मग वाक्यात क्रियापद वाचवतं, झाड तोडलं, झाडं तोडली, यावरून कळून जातं. पण "ते झाड बघ" आणि "ती झाडं बघ" यातलं ते आणि ती जर ट्रकच्या हॉर्नमध्ये गेलं तर गृहस्थ एकाच झाडाकडं बघत बसणार.

म्हणजे गंमत बघा. अव्वाचा कान जिथं स्वर नाही तिथं ऐकायचा आणि या गृहस्थांचा कान आहे तिथला सोडून द्यायचा, आणि दोघं आमच्याच कट्ट्यावर बसून एकमेकांशी मराठीत बोलायचे. बोलणं कधी अडलं नाही. भांडण मात्र नळाच्या पाण्यावरून व्हायचं.

आता आपल्याकडं, म्हणजे मराठी घरात जन्मून बस्सूला हसणाऱ्यांकडं वळू.

दूध म्हणा. मोठ्यानं म्हणा, कुणी ऐकत नाही. आता दुधाला म्हणा. दुधाला मध्ये ध कसा छातीतून येतो, हवा लागते हाताला, आणि नुसत्या दूध मध्ये? बहुतेकांचं दूद होतं, लई झालं तर द च्या मागं एक उसासा. वाघ आणि वाघाला, जीभ आणि जिभेला, पीठ आणि पिठाला, सगळीकडं तीच तऱ्हा. शब्दाच्या शेवटी मराठीला ही ह ची हवा धरवत नाही. काही शब्दांत तर ती लिहिण्यातून पण निघून गेली, हिंदीवाले हाथ म्हणतात आपण हात, ते भूख आपण भूक, ते भीख आपण भीक, ते साँझ आपण सांज. पण शाळेत दूध असं ध काढून शिकवलंय म्हणून आपली खात्री असते की आपण ध म्हणतो आणि समोरचा म्हणतो तेव्हा ध ऐकतो. हे कानाचं ऐकणं नाही, शाळेचं ऐकणं आहे.

सोलापुरात ही हवा अजूनच पातळ. बोलण्यातल्या कन्नडात, तेलुगूत ख, घ, ठ, ध यांचं फार चालत नाही, धोबीचा दोबी सहज होतो. त्यामुळं इथल्या कानाला ताट आणि ताठ, पाट आणि पाठ, यात शेवटची हवा कुणी देतही नाही आणि कुणी मागतही नाही. आणि आमच्या गावाचा खास मासला म्हणजे माग आणि माघ. माग म्हणजे ज्यावर चादर विणली जाते तो, आणि हे मागावर बसणाऱ्यांचं गाव. "माघात माग बंद राहणार" हे वाक्य मी खरंच ऐकलंय, आणि त्यात माघात चा घ स्पष्ट होता कारण त्याच्यापुढं स्वर होता. पण "यंदाचा माघ कठीण" म्हटलं तर महिना कठीण की धंदा कठीण हे तुम्ही कुणाच्या ओट्यावर बसलाय त्यावर. धंद्याचंच असायची शक्यता जास्त.

आमचं चाटी गल्लीत चादर-टॉवेलचं छोटं दुकान होतं आणि कॉलेजला असताना दुपारचे फोन मी घ्यायचे. त्या फोनवर जेवढं कानाबद्दल शिकले तेवढं नंतर पुस्तकात पण नाही. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जायचा. आता स चा जो सुसकारा असतो त्याचा बराचसा जोर 4000 च्या वर, म्हणजे तो तारेत शिरायच्या आधीच गाळला गेलेला. मग शब्दाच्या शेवटी स होता की फ होता हे समोरच्यानं नाही, तुमच्या डोक्यानं ठरवायचं. पंचवीस, छत्तीस, चाळीस यांना धोका नाही कारण तिथं दुसरं काही येऊच शकत नाही. धोका सात आणि साठ ला.

आमच्या मुनीमकाकांची यावर एक पद्धत होती. गुवाहाटीचा एक व्यापारी होता, गोड माणूस, हिंदीत बोलायचा, थंडीच्या आधी मोठा माल उचलायचा. त्याचं सात आणि साठ आम्हाला एकसारखं वाजायचं. असमियात त आणि ट असे दोन वेगवेगळे नाहीतच, दातांच्या मागं हिरडीवर टेकणारा मधलाच एक, त्यामुळं तो हिंदी बोलताना पण तोच वापरायचा. मग काका रिसीव्हर खांद्यात धरून, पेन्सिल कानावरून काढत विचारायचे, "सात मतलब छे के बाद वाला? या पचास और दस?" तो पलीकडून "हाँ हाँ, वही" म्हणायचा. काका शांतपणे परत विचारायचे. सात डझन आणि साठ डझन यात एक टेम्पो आहे हो. तो व्यापारी कधीकधी वैतागायचा, कारण त्याच्या मते तो स्पष्टच बोलत होता. काकांनी आम्हाला मात्र कधी त्याची नक्कल करू दिली नाही. म्हणायचे, "त्याला आपलं बी तसंच वाजत असेल की."

आणि ते खरंच तसं असतं. 1984 मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या तान्ह्या बाळांना हिंदीतला ट आणि त ऐकवला. सहाआठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहाबारा महिन्यांची झाली की त्यातल्या बहुतेकांना तो कळेनासा झाला, कारण घरात त्याची गरज नव्हती. म्हणजे पहिलं पाऊल टाकायच्या आत कान आपली दारं कुठली उघडी ठेवायची आणि कुठली लावून घ्यायची हे ठरवून मोकळा. त्यानंतर मोठेपणी कुणी जिभेला दोष दिला तर त्या जिभेनं काय करायचं?

काका फोनवर नेमकं काय ऐकायचे हे मला फार नंतर कळलं. शेवटचं व्यंजन बऱ्याचदा स्वतः नीट ऐकू येतच नाही, ते येऊन गेल्याची खूण त्याच्या आधीच्या स्वरात पडलेली असते. साठ म्हणताना आ संपत आलेला असतानाच जीभ वर वळायला लागते आणि आ चा रंग बदलतो. ट, ठ, ण, ळ ही जी जीभ वळवून म्हणायची अक्षरं, त्यांची ओळख मोठ्या प्रमाणात आधीच्या स्वरातून पटते, असं ध्वनिशास्त्रवाले सांगतात. ण आणि ळ नं सुरू होणारा मराठी शब्द का नाही, याचं एक कारण हेच असावं असं मला वाटतं, आधी स्वरच नसेल तर ओळखणार कशावरून? पहिलीच्या भिंतीवरचा तक्ता आठवा. क कमळाचा, ग गवताचा, सगळी अक्षरं शब्दाच्या तोंडाशी, आणि मग अचानक ण बाणाचा, ळ बाळाचा. ही दोन बिचारी शेवटी उभी. शिक्षकांनी याचं कारण कधी सांगितलं नाही आणि आम्ही पण विचारलं नाही.

या ण आणि ळ च्या बाबतीत मात्र सोलापूरकर कॉलर ताठ करू शकतो, ताठ, ठ ला हवा देऊन. कन्नड आणि तेलुगूत दोन्ही अक्षरं ठणठणीत आहेत, त्यामुळं इथं बस्सू म्हणणारी अव्वा वेळ आणि वेल, काळ आणि काल, सण आणि सन यात कधी चुकायची नाही. उलट वऱ्हाडातून आलेली माझी एक मैत्रीण, शुद्ध मराठी घरातली, कोण आणि कोन दोन्हीला कोनच म्हणायची आणि आम्ही कोण म्हटलं तर त्यात काही वेगळं आहे हे तिला सांगावं लागायचं. दखनीवाल्या घरात नळाचा नल होतो. आता यात शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण? तेलुगू अव्वाचा ळ पुणेकरापेक्षा जाड आणि तिचा बस मात्र बस्सू.

यंत्रमागाच्या शेडमध्ये गेलात तर हा सगळा काथ्याकूट हास्यास्पद वाटेल, कारण तिथं नव्वद डेसिबलच्या पुढं खडखडाट, शब्दाचा शेवट सोडा, अख्खा शब्द दिसतो तेवढाच, म्हणजे ओठांवर. तरी बोलणं चालू असतं, चहा सांगितला जातो, शिव्या पोचतात. 1970 मध्ये रिचर्ड वॉरन नावाच्या माणसानं एका इंग्रजी वाक्यातला एक स कापून तिथं खोकल्याचा आवाज घातला होता, आणि ऐकणाऱ्या वीसजणांपैकी एकोणीसजणांना काही गहाळ झालंय असं वाटलंच नाही. स त्यांना ऐकू आला होता. नसलेला. मागावर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रयोग सांगितला तर तो म्हणेल यात काय एवढं बे, आम्ही तर रोजच.

इंग्रजी तर या बाबतीत आपल्याला पार फसवते. आपण शेवटचं अक्षर फोडून म्हणतो, ट म्हटला की जीभ सुटल्याचा टक् ऐकू आला पाहिजे. इंग्रज आणि त्याहून जास्त अमेरिकन माणूस बऱ्याचदा जीभ नुसती टेकवतो आणि तिथंच सोडून देतो, आवाज बाहेर नाहीच. मग बीट आणि बीड त्यांना कसं कळतं? ई वरून. ड यायचा असेल तर ई लांब, ट यायचा असेल तर आखूड. डेनेस नावाच्या संशोधकानं 1955 मध्येच दाखवलं की स्वराची लांबी कमीजास्त केली की ऐकणाऱ्याला शेवटचं व्यंजन वेगळं ऐकू यायला लागतं. हे परकं वाटायचं कारण नाही खरं तर. मूल पण मुलाला, फूल पण फुलाला, दूध पण दुधाला, आपला उपान्त्य दीर्घचा नियम पण हेच सांगतो की शेवटचा अ गळाला आणि शब्द व्यंजनावर टेकला की आधीचा स्वर लांबतो. शाळेत त्यासाठी मार्क कापले गेले, पण हे कानाला ऐकू येतं असं कुणी म्हटलं असतं तर निम्मा वर्ग पास झाला असता.

माझा भाचा आता पुण्यात अमेरिकेतल्या क्लायंटशी हेडसेट लावून बोलतो. त्याची रोजची डोकेदुखी म्हणजे कॅन आणि कांट. अमेरिकन माणूस दोन्हीला कॅन सारखंच काहीतरी म्हणतो आणि ट गिळतो. हा इकडं ट ची वाट बघत बसलेला. त्यांच्या ऑफिसात ट्रेनिंग झालं तर ते पण उच्चाराचं, तुम्ही असं बोला, तुम्ही तसं बोला. अरे, त्याला आधी ऐकायला शिकवा की! ट येणार नाहीये, त्याच्याऐवजी शब्दावर जोर पडलाय का आणि अ रुंद झालाय का ते बघ, एवढं कुणी सांगितलं असतं तर त्याचे कितीतरी कॉल वाचले असते. आणि ऐकणं शिकवता येतं, असं नाही की एकदा दार लागलं की संपलं. फ्लेगी आणि वँग यांनी 1989 मध्ये चिनी लोकांना हेच बीट-बीड ऐकवलेलं, शेवटचा स्फोट कापून. ज्यांच्या कँटोनीजमध्ये शब्द प्, त्, क् वर संपतात त्यांना ते मँडरिनवाल्यांपेक्षा बरं जमलं, आणि मँडरिनमध्ये शेवटी न् आणि ङ् सोडून फारसं काही येत नाही. दोघंही चिनीच, पण बोली वेगळी म्हणून कान वेगळा. आणि बरोबर-चूक सांगत थोडा सराव दिला की लोक सुधारत होते.

बोलीवरून मला सगळ्यात भावलेला प्रयोग न्यूयॉर्कचा. तिथल्या जुन्या बोलीत शब्दाच्या शेवटचा र गाळतात, बेकरचं बेकअ. मेगन समनर आणि आर्थर सॅम्युअल यांनी 2009 मध्ये तीन प्रकारची माणसं घेतली. एक, जे स्वतः र गाळतात. दोन, जे न्यूयॉर्कातच वाढले, घरीदारी गाळलेला र ऐकत मोठे झाले पण स्वतः मात्र र म्हणतात. तीन, बाहेरचे. बाहेरच्यांना तो बिन र चा शब्द ओळखायला जड गेलं. पण दुसऱ्या गटातल्यांना, ज्यांच्या तोंडात ती बोली नाही, नुसती कानात आहे, त्यांना तो पहिल्या गटासारखाच पटकन कळला.

हे वाचलं आणि मला आमची अख्खी गल्ली दिसली. मी बस्सू म्हणत नाही, कधी म्हटलं नाही. पण भाजीवाली "दोन कप्पू द्या" म्हणाली तर माझ्या कानाला कुठंही ठेच लागत नाही, कप आणि कप्पू एकाच ठिकाणी जाऊन पोचतात. पुण्याच्या जाऊबाईंना मात्र तिथं थांबावं लागतं, क्षणभर चेहऱ्यावर प्रश्न येतो आणि मग हसू येतं. त्यांचं हसू मला आता राग आणत नाही. त्यांनी कमी ऐकलंय, एवढंच. जवळच सांगली जिल्ह्यातलं एक गाव, संशोधनात त्याचं नाव कुपवार असं आहे, तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूचं व्याकरण शतकानुशतकं शेजारी राहून कसं एकमेकांसारखं झालं यावर गम्पर्झ आणि विल्सन यांचा 1971 चा लेख जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गात शिकवतात. सोलापूरच्या एकेका बोळाचं तसंच असणार. बोलण्याचं व्याकरण जसं शेजाऱ्यांमुळं बदलतं तसं ऐकण्याचं पण बदलत असणार, फक्त ते कुणाला दिसत नाही.

काळजी एवढीच वाटते की आता पोरं अपार्टमेंटात वाढतात, शाळा इंग्रजी, आणि शेजारची अव्वा बाहेर उंबऱ्यावर नाही तर दार लावून सीरियल बघत बसलेली. जुळे सोलापुरातल्या माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाला आजीचा दुकानदार समजत नाही, म्हणतो हे काय बोलतात. जन्म सोलापूरचा पण कान कुठलाच नाही. आमच्या पिढीला ही चारचार भाषांची ट्यूशन फुकट मिळाली, आणि बदल्यात आम्ही काय केलं, तर बाहेर जाऊन बस्सूचे जोक सांगितले.

माझी आणखी एक थिअरी आहे, शास्त्र नाही, चहावरची गोष्ट समजा. सोलापुरी मराठी वाक्य व्यंजनावर संपू देत नाही. चल की. बघ की. काय करालास बे. हो ना गं. शेवटी एक स्वर डकवल्याशिवाय आम्हाला वाक्य पुरं झाल्यासारखं वाटत नाही. शब्दाला नाही लावता आला उ, तर वाक्याला की लावली. आजूबाजूला इतका कन्नड-तेलुगू शेजार असताना हे असंच आपोआप झालं असेल का? कन्नड येणाऱ्या कुणीतरी यावर खरंच बसून काम करायला पाहिजे.

गड्ड्याच्या जत्रेला यंदा सगळे जमले तेव्हा घरात एक खेळ केला. एकानं दाराआड जायचं, मोबाईलवर शब्द रेकॉर्ड करून पाठवायचा, बाकीच्यांनी कागदावर लिहायचा. ताट की ताठ, वेळ की वेल, घर की घरं, सात की साठ. वऱ्हाडी मैत्रीण ण ला गळाली, जाऊबाई ताठ ला गळाल्या आणि मग मान्यच करेनात, म्हणाल्या रेकॉर्डिंग खराब आहे. भाच्यानं इअरफोन लावून ऐकलं तरी साठचा घोटाळा केला, आणि वर म्हणतो क्लायंटच्या कॉलपेक्षा सोपं होतं. आईची पाळी आली तेव्हा तिनं एकच शब्द म्हटला, आणि निम्म्यांनी माग लिहिला, निम्म्यांनी माघ. आईला विचारलं नेमकं काय म्हणालीस, तर म्हणते, "जे लिहिलाय ते बरोबरच आहे की." त्यावर जाऊबाई परत रेकॉर्डिंग लावायला लागल्या, भाचा म्हणाला ॲपमध्ये टाकून बघू, ॲपनं लिहून दाखवलं "मार्ग", आणि मग एवढा गोंधळ झाला की शेंगाचटणी आणि कडक भाकरी वाढून ठेवली होती ती तशीच राहिली आणि आई आतून ओरडत होती, या की आता, ताट वाढलंय.

"ताट की ताठ?" भाचा.

आईनं जे उत्तर दिलं त्यातलं प्रत्येक व्यंजन सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.